मुलांचं सुतक

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, आजच्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की ते सातेक वर्षांचे असताना आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. पुढे कित्येक वर्षं ते तोंडानं बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर धुळीत आकृत्या काढत. नंतर ते डहाणू तालुक्यात गंजाडला आले. वारली बायका लग्नात घराच्या भिंतीवर जो चौक लिहितात, त्या चित्रांना त्यांनी कागदावर आणलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

ही हकिकत बहुतेक वेळा थोर कलावंताच्या चरित्राचा पहिला अंक म्हणून सांगितली जाते: दुःख झालं आणि त्यातून कला जन्मली. मला हा हिशेब पटत नाही. आई गेलेल्या हजारो पोरांतून एखादा म्हसे निघतो. बाकीच्यांतून एखादा घुमा बाप निघतो, एखादा दारूत बुडालेला खलाशी, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली एखादी मुलगी, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हसे यांची गोष्ट मला एवढ्यासाठीच महत्त्वाची वाटते, की मूल दुःख करतं ते शब्दांतच करतं असं नाही, हे ती दाखवते. आजूबाजूच्या मोठ्यांना मात्र ते शब्दांत ऐकायची सवय असते. पोर रडलं तर त्यांना कळतं. ते गप्प राहिलं, किंवा तासाभरात गोट्या खेळायला गेलं, तर म्हणतात, "लहान आहे, त्याला काय समजतंय!"

मोठ्यांच्या दुःखाला आपल्याकडे वेळापत्रक आहे. दहावं, बारावं, तेरावं, मासिक, वर्षश्राद्ध. कुणी खांदा द्यायचा, कुणी भात पाठवायचा, कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं, हे ठरलेलं असतं. वारल्यांतही मरणानंतरचे विधी करायला कामडी येतो आणि सगळा पाडा जमतो. या सगळ्यात मुलाला काम नसतं. मोठा मुलगा असेल तर त्याच्या हाती मडकं देतात; धाकट्याला शेजारी 'खेळायला' धाडतात, आणि ते परत येतं तेव्हा माणूस नेलेलं असतं. हेतू चांगलाच असतो. पण घरात काहीतरी भयंकर झालंय, सगळ्यांना ते माहीत आहे आणि आपल्याला कुणी सांगत नाही, एवढं तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. मग कारण ते स्वतःच शोधतं. लहान मुलाच्या शोधात ते कारण बहुतेक वेळा स्वतःजवळच सापडतं: मी हट्ट केला म्हणून, मी 'तू मर' म्हणालो म्हणून.

मरण म्हणजे काय हे मुलांना टप्प्याटप्प्यानं उमगतं. मारिया नागी या संशोधिकेनं बुडापेस्टच्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये आपला अभ्यास छापला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतं, त्यातून माणूस परत येऊ शकतं. पाच ते नऊच्या मुलांना मरण कुणीतरी येऊन घेऊन जाणाऱ्या माणसासारखं वाटतं, म्हणजे लपलं तर चुकवता येईल असं. नवाच्या आसपास कळतं की ते सगळ्यांना आहे आणि त्यातून परतणं नाही. वयाच्या या रेषा काटेकोर धरायच्या नाहीत. कोंबडी कापलेली, बकरी मेलेली, घरातली म्हातारी आपल्याच ओटीवर गेलेली ज्यानं पाहिली आहे, ते पोर फ्लॅटमधल्या पोरापेक्षा बरंच आधी शहाणं होतं. पण मरण प्रवासासारखं वाटतं म्हणूनच 'बाबा गावाला गेलेत' हे वाक्य लहानग्याला फार महागात पडतं. ते खरंच वाट पाहत बसतं, आणि पुढच्या वेळी आई बाजारला निघाली की तिचा पदर सोडत नाही. 'बाबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.' हे ऐकायला कठोर वाटतं खरं, पण मुलाला धरायला काहीतरी घट्ट मिळतं.

दुःखी मुलांसाठी सामुदायिक आधारगट ही कल्पना आज ज्या रूपात जगभर पसरली आहे, तिची सुरुवात एका आजारी मुलापासून झाली. डगी टर्नो या अमेरिकन मुलाच्या मेंदूत गाठ होती. मरणाविषयीच्या लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांना त्यानं पत्र लिहून विचारलं होतं, की लहान मुलांना का मरावं लागतं. त्यांनी त्याला रंगीत पेनांनी चित्रं काढून उत्तर पाठवलं. उपचारांच्या निमित्तानं तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला आला, तेव्हा बेव्हरली चॅपेल या परिचारिकेनं पाहिलं, की रुग्णालयातली मुलं आपसांत मरणाबद्दल सरळ बोलतात; आडपडदा ठेवतात ते डॉक्टर आणि नातेवाईक. १९८१ मध्ये तेरा वर्षांचा डगी गेला. पुढच्याच वर्षी चॅपेलबाईंनी त्याच्या नावानं डगी सेंटर सुरू केलं.

तिथली पद्धत साधी आहे. एका वयाची मुलं पंधरवड्यातून एकदा जमतात. शक्यतो सारख्या तऱ्हेचं मरण वाट्याला आलेली मुलं एकत्र असतात, कारण आजारानं बाप गेलेल्या मुलाचे प्रश्न वेगळे आणि आत्महत्येनं गेलेल्याच्या मुलाचे वेगळे. सगळे गोल बसतात. प्रत्येकानं आपलं नाव, कोण गेलं आणि कशानं गेलं हे सांगायचं. सांगायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं, आणि त्यावर कुणी काही म्हणत नाही. मग खेळ. चित्रं, वाळू, बाहुल्या, आणि एक गादी-उशांनी भरलेली खोली, जिथं आदळआपट करायला मोकळीक असते. शेवटी पुन्हा गोल. सोबत असणारे मोठे लोक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, 'रडू नकोस' म्हणायचं नाही, मूल जे करतंय त्याला फक्त साथ द्यायची. आणि ही मुलं आत असतात तेव्हाच शेजारच्या खोलीत त्यांच्या आया, बाप, आजी-आजोबा यांचा वेगळा गट बसलेला असतो.

हे वाचून कुणी म्हणेल, यात उपचार कुठे आहे? उपचार नाहीच. शोक हा आजार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात 'ज्याची आई मेली तो' एकटाच असतो. मुलं त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात, बाई त्याला गृहपाठ विचारायचं सोडतात. गटात तो चारचौघांसारखा होतो. ही गोष्ट डॉक्टरला, शिक्षकाला किंवा प्रेमळ मावशीला देता येत नाही. ती दुसऱ्या पोराकडूनच मिळते.

पण शेजारच्या त्या मोठ्यांच्या खोलीचं महत्त्व मला मुलांच्या खोलीपेक्षा कमी वाटत नाही. विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी हार्वर्डच्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांना दोन वर्षं पुन्हा पुन्हा गाठलं. सगळ्यांची आई किंवा बाप गेलेला होता. बहुतेक मुलं सावरली. दोन वर्षांनंतरही साधारण पाचातलं एक मूल गंभीर अडचणीत होतं. कोणतं मूल अडचणीत येईल हे कशावरून कळत होतं? सर्वांत जास्त, मागे राहिलेला पालक कसा उभा आहे त्यावरून. घरातलं जेवणाखाणाचं, झोपेचं, शाळेचं वेळापत्रक टिकलंय का, आई हसू शकते का, तिच्याशी गेलेल्या माणसाबद्दल बोलता येतं का. पुढे ॲरिझोना स्टेट विद्यापीठात अर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावर कार्यक्रम बेतला: मुलांचा गट वेगळा, पालकांचा वेगळा, बारा बैठका. पालकांना मुख्यतः ऐकायला आणि शिस्त प्रेमानं टिकवायला शिकवलं. तुलनेसाठी काही कुटुंबांना फक्त शोकाविषयीची पुस्तकं दिली. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर गटात येऊन गेलेल्या मुलांमध्ये मोठेपणी नैराश्याचं प्रमाण कमी होतं. बारा बैठकांचा परिणाम पंधरा वर्षं!

हे आपल्या घरांना लावून पाहिलं की एक कठीण गोष्ट दिसते. बाप गेला त्या दिवशी पुष्कळ घरांत मुलांच्या डोळ्यांदेखत आईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात. मुलानं बाप गमावलेला असतोच, त्याच तासाला त्याच्या ओळखीचा आईचा चेहराही जातो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्या ठरावाची चर्चा बाईच्या सन्मानाच्या अंगानं झाली, ती योग्यच. तो मुलांसाठीचाही ठराव आहे, हे फारसं कुणी म्हटलं नाही. वारली समाजात हे चित्र थोडं वेगळं आहे. विधवेनं पुन्हा घर करणं तिथं रीतीत बसतं, आणि ती फार शहाणी रीत आहे. मात्र आई नव्या घरी गेली आणि मूल आजीकडे राहिलं, तर त्या मुलाच्या खात्यावर दोन ताटातुटी जमा होतात. दुसरीसाठी तर कुणी भेटायलाही येत नाही.

महाराष्ट्रानं मुलांचं सामूहिक दुःख अनेकदा पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र नुकती सरत असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. वाघोलीच्या संकुलात त्यांची शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' उभारलं. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट कुणी न ठरवता घडली असणार: शेजारच्या खाटेवरच्या मुलाचंही घर पडलेलं होतं. आधारगट दुसरं काय असतो? तरी मला नळदुर्गचा मार्ग जास्त जवळचा वाटतो. मूल आपल्या मातीच्या, बोलीच्या, उरलेल्या नातेवाइकांच्या हाकेच्या अंतरावर राहिलं तर गेलेल्या माणसांच्या आठवणी सांगणारं कुणीतरी भेटत राहतं. अर्थात १९९३ च्या त्या दिवसांत बाराशे मुलांना ताट आणि छप्पर देणाऱ्या माणसाला हे सुनावणं सोपं आहे.

कोविडनं उलट केलं. एकाच वेळी असंख्य घरांत माणसं गेली आणि कुणालाच एकत्र येता येईना. मुलांना शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. २०२१ च्या मेमध्ये केंद्रानं पीएम केअर्समधून दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी दहा लाखांची योजना जाहीर केली, राज्यानं पाच लाखांची मुदत ठेव दिली. पण दोघंही गेलेल्यांपेक्षा एक पालक गेलेली मुलं कितीतरी पट होती. त्यांच्या आयांना गाठायचं काम अकोल्याचे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले, शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीतून हाती घेतलं. तालुक्यातालुक्यांत बैठका झाल्या. विषय असायचे सातबाऱ्यावर नाव, रेशनकार्ड, निराधार पेन्शन, बालसंगोपनाचा अर्ज. वरवर पाहता यात शोकाचा संबंध नाही. पण सासरचे लोक जमिनीवरून उठवतील या भीतीत असलेली बाई मुलाशी बापाबद्दल कधी बोलणार? आधी कागद, मग अश्रू, हा क्रम आपल्याकडे बरोबर आहे असं मी मानतो. परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही, कारण तिथल्या गटात येणाऱ्या आईला सातबाऱ्याची चिंता नसते.

आता डहाणू-तलासरीकडे. इथली मरणं कोणती? मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे अपघात. पावसाळ्यात सर्पदंश. वीटभट्टीवर, परक्या तालुक्यात झालेला ताप. समुद्र. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. बाकीची मुलं वाचली. अशा घटनेत शोक फक्त तीन घरांचा नसतो. पाण्यातून वर आलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या मनात 'मी कशी काय वाचले' हा प्रश्न असतो आणि तो घरी विचारता येत नाही, कारण घरचे देवाला नारळ फोडत असतात. शाळा-कॉलेजात अशा वेळी दोन मिनिटं शांतता पाळतात आणि सोमवारपासून पोर्शन सुरू. त्या वर्गाला त्याच आठवड्यात, त्याच खोलीत, ओळखीच्या शिक्षकासोबत गोल बसवणं एवढंही पुष्कळ असतं. बाहेरून आलेला अनोळखी समुपदेशक एका तासात भाषण देऊन जातो, त्यापेक्षा ते बरं.

या किनाऱ्याची आणखी एक तऱ्हा आहे. इथले आदिवासी तरुण गुजरातच्या पोरबंदर, ओखा बंदरांतल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट हद्द ओलांडते, पाकिस्तानी यंत्रणा पकडते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतो. घरी पोरांना बाप आहेही आणि नाहीही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेनं युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून अशा धूसर ताटातुटीचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की या दुःखाला शेवट नसतो म्हणून ते सर्वांत अवघड. रडावं तर अपशकुन, हसावं तर अपराध. अशा घरांतल्या मुलांचा गट कुणी बांधला, तर तो मरणाच्या गटापेक्षा वेगळा हवा. 'बाबा आता येणार नाहीत' हे वाक्य तिथं चालणार नाही. 'बाबा कधी येतील ते आम्हालाही माहीत नाही, कळलं की तुला लगेच सांगू', हे चालेल.

सरावलीसारख्या डहाणू तालुक्यातल्या गावात असा गट कोण चालवणार? मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहत बसलो तर पिढी मोठी होईल. पण या मुलखानं एक गोष्ट देशाला शिकवली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळा पाड्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. घरात मरण झालं की लहान मुलीच्या आयुष्याचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आधारगटही असाच अंगणात न्यावा लागेल. डहाणूच्या दवाखान्यात मंगळवारी अकराला या म्हटलं, तर रोजंदारी बुडवून कुणी येणार नाही.

माणसं गावात आहेतच. कोणत्या घरात मरण झालं हे आशाताईला पहिल्या दिवशी कळतं. अंगणवाडी सेविकेला मूल खायचं थांबलंय, पुन्हा अंथरूण ओलं करतंय हे दिसतं. बचतगटाची बैठक महिन्याला होतेच. तिच्यानंतरचा अर्धा तास एकल आयांनी थांबावं, एवढीच जोड द्यायची. मुलांसाठी अंगणवाडीची खोली किंवा आंब्याखालची सावली पुरते. बोली वारलीच ठेवायची. पाठ्यपुस्तकी मराठीत कुणाला आईची आठवण सांगता येत नाही. माती, शेण, तांदळाचं पीठ, दगड, काड्या. ज्याला बोलायचं नाही त्यानं लिहावं, म्हणजे चित्र लिहावं. गेलेल्या माणसाची एक वस्तू आणायला सांगावी: टोपी, कोयता, मोबाइलचं जुनं कव्हर. बॉस्टनच्या त्या अभ्यासातही दिसलं होतं, की मुलं गेलेल्या पालकाची वस्तू जपून ठेवतात, त्याच्याशी मनात बोलतात, तो आपल्याकडे बघतोय असं मानतात, आणि हे सहसा बिघाडाचं लक्षण नसतं. पितरांना जेवू घालणाऱ्या समाजाला हे सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. भगताला विरोधक करायचंही कारण नाही. तो घरी येत असेल तर त्याच्याशीही बोलून ठेवावं, विशेषतः मुलावर 'तुझ्या पायगुणानं' असा ठपका येऊ नये म्हणून.

गट सगळ्यांना पुरत नाही. महिने उलटले तरी मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळा पूर्ण सुटली, स्वतःला इजा करतंय, 'मला पण तिकडेच जायचंय' असं म्हणतंय, तर ते डॉक्टरकडे न्यायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलतो. मुलांसाठी १०९८ आहे. घरात आत्महत्या झाली असेल तर ते लपवण्याकडे कल असतो. मूल ते वाडीतल्या दुसऱ्या पोराकडून, भांडणात ऐकतं. पुण्याच्या कनेक्टिंग ट्रस्टसारख्या संस्था अशा कुटुंबांसाठी आधारगट चालवतात, त्यांच्याशी जोडून घेता येतं. आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गेलेल्या मुलासाठीही महिना २,२५० रुपये मिळतात. हा अर्ज गटाच्या पहिल्याच बैठकीत भरून घ्यावा. बाई दुसऱ्या बैठकीला येईल याची ती सर्वांत भरवशाची तजवीज आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. शहरी गट वर्षभर पंधरवड्याला भरतात. इथं दिवाळी झाली की अर्धे पाडे वीटभट्ट्यांवर आणि बोटींवर निघून जातात, मुलं आश्रमशाळेत किंवा आईबापांच्या मागे. म्हणून गटाचा हंगाम जून ते दिवाळी धरावा, भातलावणीचे आठवडे सोडून. जे मूल आश्रमशाळेत राहतं, त्याच्या अधीक्षकाला घरातल्या मरणाची खबर आणि वर्षश्राद्धाची तारीख लिहून द्यावी, म्हणजे त्या दिवशी पोर वर्गात बसायला तयार नसेल तर त्याला 'का?' असं विचारून कुणी छडी उगारणार नाही. आणि वडिलांच्या वर्षाला त्याला दोन दिवस घरी सोडायचं, हे आधीच ठरवून ठेवता येईल.